गिधाडं बघायला हलका ट्रायपॉड: दुर्बीण लावून सेटअप कसा करायचा?

कपारी_शोधक (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझ्याकडे १०×४२ ची (दहा पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिमीची) दुर्बीण आहे, बऱ्यापैकी चांगली. अंजनेरी, ब्रह्मगिरी, कधी साल्हेर-मुल्हेर असं फिरता फिरता कड्यावरची गिधाडं बघायचा नाद लागलाय. अडचण अशी की समोरचा कडा चारपाचशे मीटरवर, कधी त्याहून लांब, आणि हातात दुर्बीण धरून पाच-सात मिनिटं झाली की खांदे भरून येतात, चित्र थरथरायला लागतं आणि कपारीत पिल्लू बसलंय की नुसता दगड आहे हे काही केल्या ठरत नाही.

यूट्यूबवर अमेरिकेतले शिकारी बघितले, अ‍ॅरिझोनाकडचे वगैरे, ते लोक उतारावर बूड टेकवून बसतात आणि ट्रायपॉडवर दुर्बीण लावून तासन्‌तास समोरचा डोंगर विंचरून काढतात, हरीण दिसेपर्यंत हलत नाहीत. शिकारीचं सोडा, ती आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे आणि मला करायचीही नाही, पण ही बसून बघायची पद्धत फार पटली. घरी एका लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड पडलाय, तीन किलोच्या आसपास भरतो, तो घेऊन अंजनेरीच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे शिक्षाच.

तर विचारायचं हे की कार्बनचा घ्यावा का हलका अ‍ॅल्युमिनियमचा चालेल, हेड (पायांवर बसणारं फिरतं डोकं) कुठलं, बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं) का ते व्हिडिओवालं, दुर्बीण त्यावर बसते कशी, आणि मुळात १०× ला ट्रायपॉडने फरक पडतो का सरळ स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण) घेऊ? बजेट सगळं मिळून पंधरा हजार, ओढूनताणून अठरा. एमजी रोडवर दोन दुकानांत विचारलं तर ते सेल्फी स्टिक दाखवायला लागले.


गोदाकाठची_ताई

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण बाकी सगळं त्यावर आहे. फरक पडतो, आणि जेवढा वाटतो त्याच्यापेक्षा बराच जास्त पडतो. हातात धरलेल्या १०× मध्ये तुमच्या हाताचा कंपही दहा पटीने मोठा होऊन दिसतो, म्हणजे काचेने दिलेला बारकावा हात खाऊन टाकतो. तीच दुर्बीण घट्ट बसवली की मान वळवलेली कळते, पंख साफ करतंय ते कळतं, कपारीत मोठ्याच्या आड पिल्लू आहे तेही कळतं. आम्ही गिधाडांच्या मोजणीला जातो तेव्हा नवीन पोरांना आधी हातातून बघायला लावतो आणि मग त्याच जागेवर ट्रायपॉडवरून, पुढे काही समजवावं लागत नाही. आणि दुसरा फायदा कोणी सांगत नाही तो म्हणजे दाखवणं. "तो बघ, त्या पिवळट पट्ट्याच्या खाली, तिसऱ्या कपारीत, नाही रे त्या झाडाच्या डावीकडे" हा सगळा तमाशा बंद, दुर्बीण जिथे आहे तिथेच राहते, पुढच्याने फक्त डोळा लावायचा.

स्कोप आत्ता घेऊ नका. तुमच्या बजेटमध्ये येणारा २०-६०×६५ चा स्कोप ६० वर नेला की एक्झिट प्युपिल (डोळ्यापर्यंत येणारी उजेडाची चकती) जेमतेम १ मिमी उरते (६५ भागिले ६०), चित्र काळवंडतं. तुमच्या १०×४२ ला तीच ४.२ मिमी आहे, सकाळच्या कमी उजेडातसुद्धा आरामात बघता येतं. शिवाय २०× वर स्कोपमध्ये हजार मीटरवरचा साधारण ३५ मीटरचाच पट्टा दिसतो आणि तुमच्या दुर्बिणीत ११० मीटरच्या आसपास. शोधायला रुंद नजर लागते, ओळखायला लांब. आधी शोधता तर आलं पाहिजे ना. आणि स्कोप घेतला तरी त्याला चांगला ट्रायपॉड लागणारच आहे, म्हणून पैसे आधी त्यात घाला.

आता खरं सांगायचं ते. सगळे विचारतात पाय कार्बनचे का अ‍ॅल्युमिनियमचे, हेडबद्दल कोणी विचारत नाही, आणि बघताना हात असतो तो पूर्ण वेळ हेडवर. बॉल हेड फोटोला ठीक, आपल्या कामाला डोक्याला ताप. सैल केलं की दुर्बीण नमस्कार घालते, घट्ट केलं की हलत नाही, मधली अवस्था सापडतच नाही, शिवाय आडवं फिरवताना क्षितिज तिरकं होतं ते वेगळंच. छोटं फ्लुइड हेड घ्या, ज्याला एक दांडा असतो आणि आडवं-उभं दोन्हीकडे तेलकट रेंगाळल्यासारखं फिरतं. सिरुईचं व्हीए-५ बरेच पक्षीवाले वापरतात, तसंच दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असलं तरी चालेल, बघायचं एवढंच की हात काढल्यावर दुर्बीण जिथे आहे तिथेच थांबते का आणि दांडा सोडताना चित्र मागे उसळी खातं का. दुकानात हे दोन मिनिटांत कळतं, म्हणून शक्य असेल तर आपली दुर्बीण सोबत नेऊन बघा. बजेटमधला निम्मा पैसा हेडला गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

पायांचं म्हणाल तर उंचीचा मोह सोडा. तुम्ही बसून बघणार आहात. जमिनीवर बसल्यावर डोळे पाऊण मीटरच्या आसपास येतात, मग दीड-पावणेदोन मीटरचा ट्रायपॉड कशासाठी वाहायचा? सेंटर कॉलम (मधली वर-खाली सरकणारी दांडी) न उचलता सव्वा मीटरपर्यंत जाणारा, चार टप्प्यांचा, आणि ज्याची सगळ्यात बारीक नळीसुद्धा काडीसारखी नाही असा बघा. पाच टप्प्यांचे बॅगेत छान मावतात पण शेवटची नळी इतकी बारीक असते की वारा आला की थरथर सुरू. आणि सेंटर कॉलम काढता येत असेल तर काढूनच टाका, वजनही वाचतं आणि ट्रायपॉड जमिनीलगत पसरता येतो. कॉलम वर करून बघायचं म्हणजे तीन पायांवर पुन्हा एक काठी उभी केली, घट्टपणा गेला.


निफाडकर_आबा

ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे पण बाळा तुझ्या खिशाला एकदम एवढा ताण कशाला. आम्ही नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात काठीवरच बघायचो. चांगली सरळ काठी छातीएवढी, वरच्या टोकाला आडवी फळी, त्यावर रबर, त्यावर दुर्बीण टेकवायची. किंवा मोनोपॉड (एकाच पायाचा स्टँड) घे, त्यावर दुर्बीण लाव आणि खालचं टोक पट्ट्यात खोव, उडत्या पक्ष्यामागे फिरायला ट्रायपॉडपेक्षा सोपं जातं. फिनलंडचे पक्षीवाले काठी दुर्बिणीलाच खालून लावतात, हात खाली राहतात म्हणून खांदे दुखत नाहीत. तिथल्या चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर तर ट्रायपॉडचा उपयोगच कमी, कोणी जिना चढला की सगळा मनोरा हलतो आणि त्याबरोबर तुझा ट्रायपॉडही हलतो, काठी अंगाला टेकलेली असते म्हणून हादरा जरा अंगातच मुरतो.

आणि हिवाळ्यात आमच्याकडे ये तेव्हा हातमोजे आण, निफाडला थंडीत पारा कुठे जातो ते पेपरात वाचतोसच. अ‍ॅल्युमिनियमचा पाय पहाटे हातात धरवत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर असतो तो काळा फोम मिळतो, उभा चिरून पायाच्या वरच्या नळीला चढवायचा नि टेप मारायची, खांद्यावर घेतल्यावरही टोचत नाही.


कपारी_शोधक

ताई, आबा, दोघांचे आभार. आबा, काठीचं पटलं, पण मला एकाच कड्यावर तास-दीड तास बसायचंय, काठी धरूनच बसावी लागेल ना, आणि मधे वहीत नोंद करायची असते.

ताई, एक कळलं नाही. बसून बघायचं म्हणता, पण अंजनेरीला खालून वर बघावं लागतं, कडा डोक्यावर असतो. बसल्यावर मान मोडणार नाही का? आणि उतारावर ट्रायपॉड नीट बसतो कसा, माझा तर नेहमी एका बाजूला कलंडलेला असतो.


गोदाकाठची_ताई

बरोबर पकडलंत. वर बघायचं असेल तर ट्रायपॉड डोळ्यांच्या उंचीपेक्षा जास्त उंच हवा आणि तुम्ही त्याच्या खाली, मागे रेलून. नाहीतर डोळे आयपीसपर्यंत (डोळ्याकडच्या काचेपर्यंत) आणायला मान आणि पाठ दोन्ही वाकवावं लागतं. म्हणून खाली बसूनसुद्धा मीटर-सव्वा मीटर उंची लागते ती इथे. पाठीला दगड किंवा सॅक हवीच, पाठ टेकली की अर्धा कंप गेला. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे जागा बदला. कड्याच्या पायथ्याशी जाऊन वर बघू नका, समोरच्या सोंडेवर चढा म्हणजे कडा समोरासमोर येतो, आणि पक्ष्यांनाही त्रास नाही. आपल्या इथली लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीतच घरटी करतात, साधारण थंडीत अंडी आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं, त्या काळात जवळ गेलात तर मोठी उडून जातात आणि पिल्लू उघड्यावर पडतं. लांब बसता यावं म्हणूनच तर हा सगळा ट्रायपॉडचा खटाटोप.

उताराचं. एक पाय दरीकडे, दोन पाय तुमच्या दोन गुडघ्यांच्या बाहेर, मधल्या जागेत तुम्ही. दरीकडचा पाय लांब करा, तुमच्याकडचे दोन आखूड. ट्रायपॉड पडला तर दरीकडे पडतो, तिकडे पाय असला की धोका कमी, शिवाय तुमचे पाय ट्रायपॉडला लागत नाहीत, बघता बघता पायाचा धक्का बसला की गेलं सगळं चित्र. उघडताना जाड नळ्या आधी, बारीक नळी जमेल तेवढी आतच ठेवायची. मग वरचा खांदा (जिथे तिन्ही पाय जुळतात तो भाग) पायांनीच सपाट करायचा, हेड वाकडं करून नाही. खांदा सपाट नसला की दुर्बीण डावीकडून उजवीकडे नेताना हळूहळू खाली किंवा वर सरकते आणि तुमची ओळ चुकते.

ओळ म्हणजे काय ते सांगते कारण हेच खरं काम. कडा शेतासारखा नांगरायचा. वरच्या डाव्या टोकापासून सुरुवात, एक चित्र स्थिर ठेवायचं, दुर्बीण हलवायची नाही, त्या चित्रातच डोळे फिरवायचे, मग आडवं थोडं सरकायचं, आधीच्या चित्राचा थोडा भाग नव्यात यायला हवा. उजवं टोक आलं की तेवढंच खाली आणि परत डावीकडे. चारशे मीटरवरच्या कड्यावर तुमच्या दुर्बिणीत एका वेळी पंचेचाळीस मीटरच्या आसपास दिसतं, म्हणजे कडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो. आधी पांढऱ्या रेघा शोधा, विष्ठेचे चुना ओतल्यासारखे ओघळ, ते दिसले की त्यांच्या वरच्या कपारी. रेघ ताजी पांढरीशुभ्र असेल तर जागा वापरात आहे. हेडचं आडवं फिरणं किंचित सैल आणि उभं जरा घट्ट ठेवलं की एका बोटाने ओळ मारता येते.

आणि सकाळी लवकर. ऊन चढलं की काळा खडक तापतो आणि हवा अशी नाचते की कितीही महाग काच असू द्या, सगळं पाण्याखाली बघितल्यासारखं. गिधाडंही त्याच गरम हवेची वाट बघत असतात, नऊ-दहाच्या सुमारास उठतात आणि कडा रिकामा. पूर्वेकडे तोंड असलेला कडा सकाळी उजेडात असतो, पश्चिमेचा संध्याकाळी, त्याप्रमाणे जागा ठरवायची.


स्पष्टवक्ता_सिडको

एवढं सगळं वाचून एकच प्रश्न पडला, स्टॅबिलायझर असलेली दुर्बीण घ्या आणि विषय संपवा ना. कॅननची येते, बटण दाबलं की चित्र थांबतं. ट्रायपॉड नको, हेड नको, अ‍ॅडॉप्टर नको.


गोदाकाठची_ताई

@स्पष्टवक्ता_सिडको येते, आणि छान असते, पण किंमत बघितलीत का, दादांच्या अठरा हजारांत तिचा पट्टा येईल. शिवाय हात दुखायचा तो दुखतोच, नोंद करायला खाली ठेवली की परत जागा शोधा. बोटीतून किंवा चालत बघायला उत्तम.


सातपूर_लेथ

राम राम. दुर्बीण ट्रायपॉडवर बसते कशी हे कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो, आपला धंदाच लेथचा आहे. तुमच्या दुर्बिणीच्या दोन नळ्यांच्या मधे जो बिजागराचा दांडा आहे त्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे मोठ्या काचांच्या बाजूला, एक छोटं गोल झाकण असतं, कधी कंपनीचं चिन्ह असतं त्यावर. ते हाताने फिरवून निघतं, आत आटे दिसतील, पाव इंची, इंचाला वीस आट्यांचे, कॅमेऱ्याच्या बुडाला असतात तेच. त्यात एल आकाराचा अ‍ॅडॉप्टर लावायचा आणि त्याचं बूड हेडवर. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, काही मॉडेलना आटे नसतातच, त्यांना पट्ट्याने बांधायचा खोगीरासारखा अ‍ॅडॉप्टर येतो.

बाजारात मिळणारे बरेच एल अ‍ॅडॉप्टर पातळ पत्र्याचे, उंच आणि लवचिक असतात. तुम्ही कार्बनचे पाय घ्या, भारी हेड घ्या आणि मधे हा पत्रा, मग तो डोलणारच. जाड, बुटका, एकाच तुकड्यातून काढलेला बघा. ते अमेरिकन लोक दुसरी पद्धत वापरतात, दुर्बिणीच्या आट्यांत एक छोटा खुंटा कायमचा बसवून ठेवतात आणि ट्रायपॉडवर त्याचा पकडणारा भाग, म्हणजे गळ्यातली दुर्बीण टचकन लावली, टचकन काढली. चांगली आहे पद्धत, महाग पडते.

एक महत्त्वाचं. हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट आणून जुगाड करणार असाल तर एम-६ अजिबात घालू नका. दिसायला जवळपास सारखा दिसतो, एक-दोन फेरे जातोसुद्धा, पण एम-६ चा व्यास ६ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, पाव इंचीचा व्यास ६.३५ आणि पिच १.२७, दामटून फिरवला की दुर्बिणीचे आटे गेले, आणि ते आटे गेले की काम अवघड. दुकानात "दोन सुती" (म्हणजे पाव इंची) म्हणून जो बोल्ट मिळतो तो बहुतेक वेळा बीएसडब्ल्यू (जुना ब्रिटिश आटा) असतो, त्यालाही वीसच आटे असतात, कोन पंचावन्न अंशाचा, कॅमेऱ्याचा साठचा, तो या कामापुरता बसतो. हेड आणि पाय यांच्यामधला स्क्रू मात्र वेगळा, तीन सुती, सोळा आट्यांचा. जुन्या पायांचा स्क्रू दोन सुती असेल तर हेडच्या तीन सुती भोकात घालायची बुशिंग मिळते, किरकोळ वस्तू, ती नसली म्हणून हेड बदलायला जाऊ नका.

प्लेटचं पण बघून घ्या. हेडवर अर्का पद्धतीचं क्लॅम्प (सरकती प्लेट पकडणारा शिकंजा) असेल तर उत्तम, ३८ मिमी रुंद प्लेट, बहुतेकांना बहुतेकांचं बसतं. काही कंपन्यांची स्वतःची वेगळी प्लेट असते, ती हरवली की जंगलात ट्रायपॉड म्हणजे नुसती तिपाई.


बागलाणचा_भो

भो, साल्हेरचं नाव काढलं म्हणून आलो. १५६७ मीटर आहे, कळसूबाईनंतर राज्यात दुसरा, तिथे ट्रायपॉड नेणं वेगळं आणि तिथे तो वापरणं वेगळं. वरती वारा असा असतो की उभा ट्रायपॉड पाच मिनिटं सोडून बघ, दुर्बीण तुला खालच्या वाडीत भेटेल. लोक सांगतात ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला सॅक अडकव, पण अधांतरी सॅक वाऱ्याने झुलते आणि सगळंच हलवते, सॅकचं बूड जमिनीला टेकलं पाहिजे. त्यापेक्षा माझी पद्धत बघ, हुकाला नायलॉनची दोरी बांधायची, खाली फास करायचा, त्यात पाय घालून दाबून धरायचं. वजन शून्य, ट्रायपॉड जमिनीला खिळतो. फक्त उठताना पाय काढायचं ध्यानात ठेव.

बांधायचं कसं तेही ऐक. सॅकच्या बाजूच्या खिशात पाय घालून वर पट्टा आवळतात सगळे, सपाटीला ठीक आहे, हरिहरच्या त्या खड्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असतात आणि बाहेर आलेला ट्रायपॉड दगडाला घासला की तोल जातो. सॅकच्या मागे मधोमध उभा, हेड खाली, डोक्याच्या वर काही दिसलं नाही पाहिजे. दुर्बीण गळ्यात नको, छातीला पट्ट्याने आवळ. आणि माकडं, अंजनेरीला काय आणि हरिहरला काय, प्लेटचा डबा खाऊच्या पिशवीसारखा दिसला की गेला.

कार्बन का अ‍ॅल्युमिनियम, तर माझं मत अ‍ॅल्युमिनियमचा हलका घे. कार्बन हलका आहे, कंप लवकर मुरतो, थंडीत हाताला गार लागत नाही, सगळं खरं, पण आपल्या खडकावर एकदा आपटला नि नळीला चीर गेली की तो संपला. अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, काम चालू राहतं. आणि तुझ्या बजेटात कार्बन घेतलास तर हेडला पैसे उरणार नाहीत, ताईंचं ऐकायचं तर तिथे कापाकापी नको.

लॉक फिरवायचे का खटक्याचे यावर लोक भांडतात. फिरवायच्या लॉकमध्ये आपली लाल माती आणि नांदूरचा चिखल गेला की करकर आवाज येतो, घरी आल्यावर नळ्या सोडवून, पुसून, वाळवून मगच बंद करायचा, ओला बंद केला तर आत सगळं धरतं. खटक्याचे लॉक मातीला दाद देत नाहीत पण हळूहळू सैल होतात, छोटी अ‍ॅलन की सॅकमध्ये असू दे. मला खटक्याचेच आवडतात, पहाटे अंधारात बोटांना कळतं कुठला बंद कुठला उघडा. पायाला रबराचीच टोपी ठेव, कातळावर लोखंडी टोक सरकतं, ते गवताच्या उताराला चांगलं.


कपारी_शोधक

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तर आता असं ठरवतोय की अ‍ॅल्युमिनियमचा हलका, चार टप्प्यांचा, खटक्याच्या लॉकचा, कॉलम निघणारा, दीड किलोच्या आत मिळाला तर बघतो, डिजिटेक, बेनरो जे दुकानात हाताळायला मिळेल ते, हेड छोटं फ्लुइड. फक्त एक शंका, त्या शिकाऱ्यांच्या ट्रायपॉडवर बंदूक धरायचं क्लॅम्पवालं डोकं पण येतं, एक जण ऑनलाइन सेकंडहँड स्वस्तात देतोय, पाय चांगले दिसतायत.


बागलाणचा_भो

पाय चांगले असतील तर घे, पण ते क्लॅम्प काढून घरी ठेव भो. ते वजनदार असतं, आपल्या काही कामाचं नाही, आणि पहाटे अंधारात कॅमोफ्लाज जॅकेट घालून असलं काही खांद्यावर टाकून पाड्यावरून गेलास तर लोक आधी फॉरेस्टला फोन लावतील, मग तुला विचारतील. बरोबरच आहे त्यांचं.


गोदाकाठची_ताई

हे अगदी खरं. गिधाड वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, आणि अंजनेरी कॉन्झर्वेशन रिझर्व्ह (संवर्धन राखीव क्षेत्र) आहे, जाण्याआधी वनरक्षकांना सांगून ठेवलं तर उलट तेच चांगली जागा दाखवतात. हरसूलकडे खोरीपाड्याला मेलेली जनावरं टाकून गिधाडांना खायला घालण्याची जागा वनखात्याने केली आहे, तिकडेही गावातल्या लोकांना विचारूनच जा. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या बघतायत, कुठल्या कड्यावर किती बसतात हे तोंडपाठ आहे त्यांना. गुरांना देत होते त्या डायक्लोफिनॅकवर (दुखण्यावरचं औषध, ते दिलेल्या मेलेल्या गुराचं मांस खाऊन गिधाडं मरतात) २००६ मध्ये बंदी आली त्याच्या आधीच पक्षी एवढे संपले होते की आता एकेक घरट्याची नोंद लागते. तुमची वही नीट ठेवा, तारीख, वेळ, कडा, कुठे बसून बघितलं, किती बसलेली, किती उडती. बसलेली आणि उडती वेगळी लिहा, एकच पक्षी दोनदा मोजला जातो तो तिथेच.


निफाडकर_आबा

हेडवर दुर्बीण लावलीस की दोन्ही डोळ्यांमधलं अंतर आधी लाव आणि मग अ‍ॅडॉप्टर घट्ट कर, नंतर अंतर बदलायला गेलास की सगळं सैल होतं. चष्मा असेल तर आयकप (डोळ्याकडचे रबरी कप) खाली. एवढंच.


सातपूर_लेथ

@कपारी_शोधक अ‍ॅडॉप्टर बाजारात मनासारखा मिळाला नाही तर या इकडे. ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा उरलेला असतो, बुटका एल आणि खाली अर्काची प्लेट एकाच पीसमध्ये काढून देतो, मधे सांधा नको आणि प्लेटच्या दोन्ही टोकांना थांबायचे स्क्रू, म्हणजे क्लॅम्प चुकून सैल राहिला तरी दुर्बीण घसरून पडायची नाही. एकाच नगासाठी व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) सेटिंग कोणी लावत नाही, पण सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मशीन मोकळी असते. काळं अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर चढवायचा टिकाऊ थर) हवं असेल तर दुसऱ्या कोणाच्या लॉटमध्ये टाकावं लागेल, वेळ लागतो.


कपारी_शोधक

दादा हे तर फारच भारी, नक्की येतो. दुर्बीण घेऊनच येऊ का मापं पाठवू? झाकण निघालं, आत पितळी आटे दिसतायत.


सातपूर_लेथ

दुर्बीण घेऊनच या. तोपर्यंत आगपेटीची काडी आत उभी घालून खोली किती ते बघून कळवा, खुणेपाशी नखाने धरायचं आणि पट्टीवर मोजायचं. खोलीपेक्षा बोल्ट एक मिमी आखूड ठेवतो, बुडाला टेकला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि वरून ढिलाच राहतो. आणि दोन नळ्यांच्या मधलं अंतर पण मोजा, पुढच्या बाजूला, तुमच्या डोळ्यांना जुळेल तेवढी मिटवून. तिथे पंधरा मिमीपेक्षा कमी असेल तर अ‍ॅडॉप्टरची मान बारीक करावी लागेल.